चढणीचे गणित

‘उद्यान सर्वांसाठी खुले आहे’ असा फलक आपण अनेक ठिकाणी वाचतो. परंतु प्रवेशद्वाराशी तीन पायऱ्या असल्या, तर चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसापुरता त्या फलकाचा अर्थ तेथेच संपतो. उद्यान खरोखर सर्वांचे व्हावे यासाठी लागणारी मोजमापे जगाला मिळाली, त्यामागे टिमोथी न्यूजंट (१९२३–२०१५) या अमेरिकी माजी सैनिकाचे मोठे श्रम आहेत.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवा केलेल्या न्यूजंट यांनी १९४८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग शाखेत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा उपक्रम आरंभला. युद्धात जायबंदी झालेले तरुणही त्यात होते. दुसऱ्याच वर्षी ती शाखा बंद होण्याची वेळ आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी चाकाच्या खुर्च्यांवरून थेट राज्याची राजधानी स्प्रिंगफील्ड गाठून निदर्शने केली. अखेरीस विद्यापीठाने त्यांना आपल्या मुख्य आवारात सामावून घेतले. तेही केवळ एक प्रयोग म्हणून!

या प्रयोगातूनच पुढचे काम उभे राहिले. किती चढ माणूस स्वतःच्या हातांनी, कोणाला हाक न मारता चढू शकतो, हे तेथे प्रत्यक्ष पाहिले गेले. त्या अभ्यासावर आधारलेले अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय मानक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार एक फूट उंची गाठण्यासाठी उतरंड किमान बारा फूट लांब हवी. म्हणजे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांच्या जागी अठरा फुटांची उतरंड येते. आपल्याकडे पुष्कळदा पायऱ्यांवर सिमेंटचा चार-पाच फुटांचा थर ओतून तीच सोय समजली जाते. तिच्यावरून खुर्ची मागे घसरते. आमच्या मते अशी उतरंड नसलेली बरी. उद्यानातील पायवाटेसाठी मानक याहूनही कडक आहे: रुंदी किमान चार फूट, आणि चढ वीस फुटांत एका फुटाहून अधिक नाही.

हेच एकास बाराचे प्रमाण आज भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सार्वजनिक जागांची सुगम्यता ही कायदेशीर जबाबदारी ठरविली आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईलाही ही उतरंड तितकीच उपयोगी पडते.

आपल्या गावच्या बागेत गुरे व दुचाकी शिरू नयेत म्हणून बसविलेले लोखंडी वळणाचे फाटक मात्र एकदा फीत लावून मोजावे. चाकाची खुर्ची जाण्यास बत्तीस इंच मोकळी जागा लागते.