पेनिसिलिनचे कार्य

लंडनमध्ये १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आपल्या काचेच्या बशीत उगवलेल्या बुरशीभोवतीचे जीवाणू नाहीसे झालेले दिसले. त्या बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली त्याच जातकुळीतील बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. रोग्याला अपाय न करता हे औषध नेमके जीवाणूंनाच कसे मारते?

जीवाणू म्हणजे एकच कोशिका. तिच्या आतील द्रव बाहेरच्यापेक्षा दाट असल्यामुळे बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते. या दाबाने ती फुटत नाही, कारण तिच्याभोवती एक चिवट भिंत असते. वाढताना जीवाणूला ही भिंत जागोजागी उसवून नवे धागे परस्परांशी सांधावे लागतात. सांधण्याचे हे काम काही एंझाइमे करतात. पेनिसिलिन त्यांनाच घट्ट चिकटून बसते. उसवणे चालू राहते, सांधणे मात्र थांबते. भिंत दुबळी होते, पाणी आत घुसते आणि जीवाणू फुटून मरतो.

मानवी कोशिकेला अशी भिंतच नसते, म्हणून ती सुरक्षित राहते. काही व्यक्तींना मात्र या औषधाची तीव्र ॲलर्जी असते, हे विसरता कामा नये. विषाणूंनाही अशी भिंत नसते. त्यामुळे सर्दी किंवा फ्लू यांवर पेनिसिलिनचा काहीच उपयोग होत नाही.

जीवाणूही अगदी निरुपाय नसतात. पेनिसिलिनचा रेणू मोडून टाकणारे एंझाइम काही जीवाणू निर्माण करतात, हे १९४० सालीच आढळून आले होते. औषधाने दुर्बळ जीवाणू मरतात, प्रतिकार करणारे उरतात आणि त्यांचीच संख्या वाढते. शिवाय हा गुण ते इतर जीवाणूंनाही देऊ शकतात. अपुऱ्या मात्रेमुळे असे जीवाणू निपजतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात दिला होता.

म्हणून साध्या सर्दीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली प्रतिजैविकाची गोळी केवळ वायाच जाते असे नाही. आपल्या शरीरात एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या जीवाणूंतील प्रतिकारक्षम तेवढे ती निवडून ठेवते. आणि पुढे खरोखरीचा न्यूमोनिया झालेल्या एखाद्या बालकाला तेच औषध द्यावे, तर ते लागू पडेलच असा भरवसा उरत नाही.