बाळंतिणीची सोबत

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत दसरा उलटला म्हणजे काळ्या जमिनींतील पऱ्हाटीचीं बोंडें फुटूं लागतात आणि गांवोगांव वेचणीची एकच घाई उडते. शाळेच्या हजेरीपटावर ह्या घाईची खूण ताबडतोब उमटते. कार्तिकापासून पौषापर्यंत ज्या नांवांपुढें गैरहजेरीच्या खुणा पडत, त्यांतील पुष्कळशीं नांवें आठ-दहा वर्षांच्या मुलींचीं असत, हा प्रस्तुत लेखकाचा शिक्षकी पेशांतील अनेक वर्षांचा अनुभव आहे. मुलगी आजारी नसे, परगांवींही गेलेली नसे. चौकशी केली कीं "घरीं लहानगें आहे" एवढेंच उत्तर मिळे. आई कापूस वेचीत असते. धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधलेली असते. झोळींत चार महिन्यांचें मूल आणि झोळीची दोरी ह्या मुलीच्या हातांत. दोघांच्या मधलें दोन वर्षांचें भावंड तिचा परकर धरून रडत उभें असतें.

ह्या मुलीस शाळेंत कसें आणावें, ह्या प्रश्नाचें उत्तर शाळेंत सांपडत नाहीं. तिच्या आईच्या आसपास कोण आहे, ह्यावर तें अवलंबून असतें. अंगावरचें मूल आणि त्याच्या वरचें भावंड अशीं दोघें एकाच वेळीं एकटीनें सांभाळावयाचीं म्हटलीं, तर कोणतीही स्त्री, मग ती मजुरीला जाणारी असो कीं पदवीधर असो, पुरी पडणें शक्य नाहीं. तिला दुसऱ्या बाईची सोबत पाहिजे. आणि तीही अशा बाईची कीं, जिनें ह्या दिवसांतून स्वतः वाट काढलेली आहे. डॉक्टरांची तपासणी व औषध हीं आपापल्या जागीं हवींतच. परंतु त्यांनीं ह्या सोबतीची उणीव भरून निघत नाहीं.

आपल्या प्राचीनांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत सूतिकागाराचें वर्णन आहे. प्रसववेदना सुरू झालेल्या स्त्रीभोंवतीं कोण असावें, हें सांगतांना आचार्यांनीं तेथें पुष्कळ बायकांची योजना केली आहे आणि त्यांचे गुणही मोजून दिले आहेत. त्या स्वतः अनेकदां प्रसूत झालेल्या असाव्या. त्या वत्सल, कामांत चतुर, क्लेश सोसणाऱ्या आणि खिन्न न होणाऱ्या असाव्या. त्यांनीं त्या स्त्रीस धीर देत राहावें. खिन्न न होण्याचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. रडक्या चेहऱ्याची सोबतीण असण्यापेक्षां सोबत नसलेली बरी! कार्तिकेयाची कथा तर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. शरवनांतील त्या बालकास पाहून सहाही कृत्तिकांस पान्हा फुटला आणि एकीचाही विरस होऊं नये म्हणून त्यानें सहा मुखें धारण केलीं.

एकत्र कुटुंबाच्या वाड्यांतून ही सोबत मागितल्यावांचून मिळे. बाळंतीण न्हाण्यास बसली कीं बाळ जावेच्या पायांवर. तिला ताप भरला तर घरांतलीच दुसरी लेकुरवाळी बाळास पाजी. डिंकाचे लाडू आणि हळिवाची खीर ह्यांचें कौतुक आपण पुष्कळ करतों. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे थोरल्या मुलाची व्यवस्था. जें मूल कालपर्यंत आईच्या कुशींत निजत होतें, तें दुसऱ्या बाळंतपणाच्या सुमारास काकूच्या किंवा आजीच्या अंथरुणांत जाई. त्याचा दूधभात, त्याची गोष्ट, त्याचा हट्ट हें सारें कोणी तरी उचललेलें असे. आपण पदच्युत झालों, असें वाटण्यास त्याला अवसरच मिळत नसे.

'पदच्युत' हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट, म्हणजे हल्लींचा घाना, येथें सिसिली विल्यम्स नांवाच्या एक डॉक्टरबाई काम करीत असत. लहान मुलांच्या एका रोगाचें वर्णन त्यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलें. अंगावर सूज येते, केंसांचा रंग उतरतो, कातडी सुटूं लागते, मूल किरकिरें होतें. तेथील गा भाषेंत ह्या रोगास जें नांव चालत होतें, तेंच त्यांनीं १९३५ सालीं वैद्यकशास्त्रांत आणलें. तें नांव 'क्वाशिओरकोर'. पाठीवर दुसरें भावंड आल्यामुळें आईपासून दूर सारल्या गेलेल्या मुलाचा रोग, असा त्याचा अर्थ! आईचें दूध तुटलें, त्याच्या जागीं मक्याची पेज आली, आणि मूल सुजलें. ज्या बायकांनीं हें नांव ठेविलें, त्यांनीं रोगाचें मर्म डॉक्टरांच्या आधींच ओळखलें होतें.

येथवर वाचून आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस धन्यता वाटली असेल. परंतु वाड्यांतील सोबतीचें निव्वळ गुणगान करणें सत्यास धरून होणार नाहीं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ह्यांस वयाच्या चौदाव्या वर्षीं मुलगा झाला व तो दहा दिवसांत गेला. तें दुःख त्यांना वैद्यकाकडे घेऊन गेलें आणि १८८६ सालीं अमेरिकेंत त्या डॉक्टर झाल्या. चौदा वर्षांच्या मुलीस आई करणारा तो समाज एकत्र कुटुंबांचाच समाज होता, हें विसरून कसें चालेल? दुसरें उदाहरण चिकाचें. प्रसूतीनंतरचें पहिलें घट्ट, पिवळसर दूध बाळास बाधतें, असें म्हणून तें पिळून टाकण्याची चाल घरोघरीं होती. सुश्रुतसंहितेंत देखील दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर उतरतें असें म्हणून तोंवर मध-तूप देण्यास सांगितलें आहे. संस्कृताचा आजन्म विद्यार्थी असूनही मला येथें सुश्रुताची बाजू घेववत नाहीं. त्या चिकांतच बाळाला रोगापासून वांचविणारीं द्रव्यें असतात. जन्मानंतर तासाभरांत बाळास अंगावर घ्यावें आणि पहिले सहा महिने पाण्याचा थेंबही न देतां आईच्याच दुधावर ठेवावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध तर वर्षाच्या आंतील मुलास देऊंच नये. त्यांतून क्वचित् जिवावर बेतणारी विषबाधा होते.

शिवाय सोबत म्हणजे हुकूमत नव्हे. "आमच्या वेळीं असलीं थेरें नव्हतीं" हें वाक्य बाळंतिणीच्या खोलींत जितक्यांदां उच्चारलें गेलें आहे, तितक्यांदां कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलें असेल.

मग सोबतीचा खरा गुण कशांत आहे? अलीकडे ह्या प्रश्नाचें उत्तर आंकड्यांनीं मिळालें आहे. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यांत खेड्यांतील बायकांनीं दर महिन्यास एकत्र जमावें, बाळंतपणांतील व नवजात बाळांच्या अडचणी आपसांत बोलाव्या आणि त्यांवरील उपायही आपणच ठरवावे, अशी योजना झाली. मंडळ चालविणारी बाई त्याच भागांतील. २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत तिचा निष्कर्ष आला: जेथें अशीं मंडळें होतीं, तेथें नवजात बालकांचे मृत्यु सुमारें ३० टक्क्यांनीं कमी झाले. त्याच धर्तीवर 'एकजुट' ह्या संस्थेनें झारखंड व ओडिशांतील तीन जिल्ह्यांत, बहुतांशीं आदिवासी वस्तींत, २००५ पासून तीन वर्षें प्रयोग केला. तेथेंही मृत्यु ३२ टक्क्यांनीं कमी भरले. मंडळांत औषधें वाटलीं जात नव्हतीं. गोष्टी, चित्रें, खेळ आणि बोलणें, एवढीच सामुग्री. आणखी एक गोष्ट तेथें आढळली. तिसऱ्या वर्षीं मातांमधील मध्यम प्रतीची मानसिक उदासीनता निम्म्याहून अधिक कमी झाली होती.

ह्यांत जादू कांहीं नाहीं. "माझें दूध पुरत नाहीं" ही शंका बहुतेक प्रत्येक नव्या आईच्या मनांत येते. ती सासूपुढें काढली तर दोष लागेल असें भय. डॉक्टरांपुढें काढण्यास वेळ नाहीं. पण शेजारची, जिचें मूल आज आठ महिन्यांचें आहे, ती जेव्हां म्हणते, "मलाही तसेंच वाटे, तूं पाजीत राहा, पाजल्यानेंच दूध वाढतें," तेव्हां तिच्या बोलण्यावर विश्वास बसतो, कारण पुरावा तिच्या कडेवरच असतो. अमेरिकेंत १९५६ सालीं इलिनॉय प्रांतांत सात आयांनीं एकमेकींस अशीच मदत करण्यासाठीं 'ला लेचे लीग' ही संस्था काढली व ती पुढें देशोदेशीं पसरली, तीही ह्याच बळावर.

आमच्या विदर्भांतील उदाहरण तर जगास आदर्श ठरलें आहे. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्या दांपत्यानें १९८६ सालीं 'सर्च' ही संस्था स्थापिली. तेथील ३९ गांवांत त्यांनीं गांवच्याच, थोडें शिकलेल्या बायकांस 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलें. ही बाई बाळंतिणीच्या घरीं जाई, बाळाचें वजन करी, श्वास मोजी, अशक्त बाळास ऊबदार पिशवींत ठेवण्यास शिकवी, आईला व आजीला दोघींनाही समजावी, आणि जंतुदोष दिसतांच औषध, प्रसंगीं इंजेक्शनही, देई. १९९३ ते ९५ ह्या काळांत त्या गांवांत हजारीं ६२ नवजात बालकें दगावत. १९९७-९८ सालीं हें प्रमाण सुमारें २५ वर आलें. हा वृत्तांत डिसेंबर १९९९ मध्यें 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. येथें नुसती सोबत नव्हती, तिच्या जोडीस विद्या होती. परंतु ती विद्या परक्या माणसाच्या हातीं असती तर खोलीच्या उंबरठ्यावरच थांबली असती. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनीं १९८९ सालीं आशियांतील पहिली दुग्धपेढी उघडली. तेथें एका आईचें वाढीव दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळास मिळूं लागलें. कृत्तिकांची कथा अशी रुग्णालयांत अवतरली.

आतां थोरल्या भावंडाकडे वळूं. ह्या बाबतींत महाराष्ट्रानें जें केलें आहे, त्याचें मोल आपणांसच पुरतें कळलेलें नाहीं. ताराबाई मोडक (ह्यांचा संसार कांहीं वर्षें आमच्या वऱ्हाडांत, अमरावतीस होता) ह्यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस होत्या. मुलें बालवाडीकडे येईनात, तेव्हां त्यांनीं बालवाडीच वस्तीच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' ती हीच. १९७५ सालीं सरकारनें बालविकासाची देशव्यापी योजना सुरू केली, तेव्हां हाच शब्द देशभर झाला. १९५७ सालीं दोघी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. तेथेंही तीच अडचण: थोरलीच्या कडेवर धाकटें! त्यांनीं मुलीला रागें भरण्याऐवजीं धाकट्याचीच सोय केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणून तिला 'विकासवाडी' म्हटलें. धाकटें पाळण्यांत, मधलें बालवाडींत आणि मुलगी आपल्या वर्गांत. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावरच शाळा भरविली. इतकी साधी युक्ति विद्वानांस सुचावयास किती वेळ लागला असता, कोण जाणे!

अंगणवाड्या आज आमच्या जिल्ह्यांतही आहेत. परंतु तीन वर्षांखालील मुलास दिवसभर ठेवून घेण्याची सोय तेथें सहसा नसते, आणि झोळींतलें मूल तर नेमकें त्याच वयाचें. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यांत ह्यावर एक तोड काढलेली होती. कामावरील बायकांबरोबर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें असतील, तर त्यांपैकींच एकीस मुलें सांभाळण्यास नेमावें व तिला मजुरी द्यावी. खासगी शेतांत हें कां होऊं नये? आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं शेती आहे. वेचणीची मजुरी किलोवर असल्यामुळें मुलांपाशीं बसणारीचा कापूस शून्य भरतो. म्हणून कोणतीच बाई आपण होऊन बसत नाहीं. दहा बायकांमागें एका बाईचा रोज मालकानें सोसला, धुऱ्यावर ताडपत्रीची सावली व पाण्याचा माठ ठेविला, तर खर्च फार नाहीं. उलट दर घटकेस झोळीकडे धांवणारी आई निर्धास्तपणें वेचील. जमाखर्च मांडून पाहावा, अशी माझी विनंति आहे.

राहतां राहिलीं आपलीं स्वतःचीं घरें. वाडे ओस पडले. मुलें पुण्यास, नागपुरास, परदेशीं गेलीं. दोन खोल्यांत सून, तान्हें बाळ आणि तीन वर्षांचें थोरलें अशीं तिघेंच दिवसभर असतात. आजी जाऊन राहते. पण किती दिवस? अशा सुनेला सल्ल्यापेक्षां हात अधिक हवा असतो. तिच्या इमारतींत अथवा आळींत दुसरी लेकुरवाळी असेल, तर दोघींची गांठ घालून द्यावी. एकीनें दुपारीं दोघींचीं थोरलीं खेळवावीं, तेवढ्यांत दुसरीनें तासभर निजावें. बारशाला जातांना झबल्याबरोबर थोरल्यासाठींही कांहीं न्यावें, आणि आधीं त्याच्याशींच बोलावें. बाळंतीण दोन आठवडे सतत खिन्न राहिली, तिला झोंप येईना, बाळाकडे पाहवेना, तर "सगळ्यांनाच होतें" म्हणून टाळूं नये, डॉक्टरांकडे न्यावें. आणि बाळंतपण गांवीं झालें असेल, तर आशाताई घरीं येतात. रुग्णालयांत प्रसूति झाली असतां त्यांच्या भेटीचे दिवस तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा असे ठरलेले आहेत. त्या आल्या म्हणजे सासूबाईंनीं थोडा वेळ स्वयंपाकघरांत कांहीं काम काढावें, आणि सुनेला त्यांच्याशीं एकटीनें बोलूं द्यावें.