विश्लेषण : आजच्या फोटोला जुन्या व्हिडीओ कॅसेटचा ‘लूक’ कसा येतो?

वाशीच्या सागर विहारवर काल टिपलेला फोटो पाहताना तो तीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटमधला वाटावा, अशी करामत आता कोणालाही घरबसल्या करता येते. पसरलेले रंग, थरथरत्या आडव्या रेषा आणि कोपऱ्यात तारीख असा हा ‘व्हीएचएस लूक’. पण तो नेमका कशामुळे दिसतो?

व्हीएचएस म्हणजे काय?

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट बाजारात आणली. भारतात १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्या दशकात व्हीसीआरही घरांत पोहोचू लागले. भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर सिनेमे पाहणे आणि लग्नाची कॅसेट काढून घेणे, ही त्या काळाची खूण.

चित्र अस्पष्ट का दिसे?

अर्ध्या इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर फारच कमी माहिती मावत असे. आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतकाच तपशील टिकायचा. रंगांच्या वाट्याला तर त्याहूनही खूप कमी जागा येई. त्यामुळे चेहऱ्याची कड बऱ्यापैकी दिसे, पण लाल शालूचा रंग कडेबाहेर सांडलेला असे. फितीवरची चुंबकीय भुकटी झडली की पांढरे ओरखडे उमटत. चित्राच्या तळाशी दिसणारी वेडीवाकडी पट्टी, फिरत्या ड्रमवरील एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे वाचन जाताना तयार होई.

संगणकावर हा परिणाम कसा साधायचा?

फोटोशॉप किंवा मोफत मिळणारे गिम्प यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर चालते.

१. मूळ फोटोची प्रत काढा आणि बदल प्रतीवरच करा.
२. फोटो ४:३ प्रमाणात कापून ७६८ बाय ५७६ पिक्सेल इतका लहान करा.
३. त्याच फोटोचा दुसरा लेयर घ्या. त्यावर आडवा ‘मोशन ब्लर’ द्या आणि लेयरचा मोड ‘कलर’ ठेवा. तपशील खालच्या लेयरचा राहतो, फक्त रंग पसरतात. सगळा परिणाम याच पायरीवर अवलंबून आहे.
४. लेयर एकत्र करून लाल चॅनेल दोन-तीन पिक्सेल बाजूला सरकवा.
५. गडद काळा रंग थोडा राखाडी करा, हलका ‘नॉइज’ मिसळा आणि एकाआड एक पुसट आडव्या रेषा द्या.
६. तळाची बारीक पट्टी कापून किंचित बाजूला सरकवा.

मोबाइलवर हेच काम तयार फिल्टर करतात. मात्र अ‍ॅपला सगळी गॅलरी खुली न करता निवडक फोटोंचीच परवानगी देणे चांगले.

तारीख टाकताना काळजी का?

नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. तिथल्या फोटोवर ‘१९९४’ लिहिले तर ती गंमत आहे, हे लगेच कळते. पण जुन्या गावठाणाच्या किंवा खाडीकिनाऱ्याच्या फोटोवर तीच तारीख टाकली, तर पुढे तो खरा पुरावा समजला जाऊ शकतो. म्हणून असा फोटो पुढे पाठवताना तो संपादित असल्याचे लिहावे.

घरातल्या खऱ्या कॅसेटचे काय?

वाशीला लोकल मे १९९२ मध्ये पोहोचली. सिडकोच्या घरांत त्या सुमारास राहायला आलेल्या कुटुंबांची लग्ने, बारशी आणि त्यांच्या मागे दिसणारे मोकळे रस्ते अशाच कॅसेटवर असतील. खाडीकाठच्या दमट हवेत फितीला बुरशी लागते. त्यातच, शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे चालू यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर मिळणे अवघड होत चालले आहे.

माळ्यावर कॅसेट असेल तर आधी तिच्या खिडकीतून फीत पाहावी. पांढरे डाग दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये, कारण फीत तुटू शकते आणि बुरशी यंत्राच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटवरही जाते. अशी कॅसेट जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चांगली असेल तर कॅप्चर कार्ड लावून ती संगणकावर उतरवता येते. उतरवलेली मूळ फाइल कोणताही फिल्टर न लावता दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी.