नेहमीचे गिऱ्हाईक : रात्रीच्या नृत्यगृहांतील एका नात्याचा विचार

रात्रीच्या करमणुकीच्या स्थळांविषयी जे काही लिहिले जाते ते बहुधा रंगमंचाकडे तोंड करून लिहिलेले असते. नर्तकी कोण, ती कोठून आली, किती मिळवते, तिचे शोषण कोण करते, तिचे नृत्य अश्लील आहे की नाही, हे प्रश्न विधिमंडळात, न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत वारंवार चर्चिले गेले आहेत. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या मनुष्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष गेले. हा सारा व्यवसाय त्याच्या पैशावर उभा असतो. तरीही मोहाला बळी पडलेला दुबळा जीव किंवा निव्वळ लंपट, या दोन ठराविक चित्रांपलीकडे त्याचा विचार होत नाही. या उपेक्षेमुळे व्यवसायाचे स्वरूप समजण्यात कोणती उणीव राहिली आणि कायद्याला तिची कोणती किंमत मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. अशा स्थळी येणाऱ्यांत कुतूहलाने एकदा येणारा, मित्रमंडळींच्या आग्रहाने येणारा, परगावचा प्रवासी असे अनेक असतात. नित्याचा ग्राहक त्यांहून निराळा. त्याची बसण्याची जागा ठरलेली असते, वेटर त्याला नावाने ओळखतो, त्याचे पेय न सांगता टेबलावर येते. केवळ दृश्य विकत घेण्यासाठी तो येत असता, तर ते दृश्य पुनःपुन्हा पाहून त्याची गोडी ओसरावयास हवी होती. प्रत्यक्षात त्याचे येणे वाढते आणि खर्चही वाढतो. ही विसंगती उलगडणे हाच या विषयातील मुख्य प्रश्न होय.

या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला. कॅथरीन फ्रँक या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने आग्नेय अमेरिकेतील एका मोठ्या शहरातील पाच स्ट्रिप क्लबांत स्वतः नर्तकी म्हणून काम केले आणि तीस नित्याच्या पुरुष ग्राहकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यातून सिद्ध झालेला 'जी-स्ट्रिंग्ज अँड सिम्पथी' हा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. ग्राहकांनी सांगितलेल्या कारणांत शारीरिक सुखाची अपेक्षा अग्रभागी नव्हती. विश्रांतीसाठी येतो, असे ते सांगत. कचेरीत अधिकार आणि स्पर्धा, घरी कर्तव्ये आणि अपेक्षा; या दोन्हींच्या बाहेरची एक जागा त्यांना हवी होती. तेथे नकाराचे भय नव्हते, पौरुष सिद्ध करण्याची सक्ती नव्हती आणि कोणीतरी आपल्याकडे लक्ष देईल याची शाश्वती होती. देहाचे दर्शन हे या अनुभवाचे निमित्त होते. त्याचे मर्म लक्ष वेधून घेण्यात, ओळखले जाण्यात होते.

यावर सहज आक्षेप निघतो की, ही ओळख तर खोटी आहे; पैसे संपले की तीही संपते. समाजशास्त्रात या आक्षेपाला जुनी परंपरा आहे. जॅकलिन बोल्स आणि अल्बेनो गार्बिन यांनी १९७४ साली नर्तकी व ग्राहक यांच्यातील संबंधांचे वर्णन करताना 'नकली जवळीक' ही संकल्पना वापरली होती. परंतु नकली म्हटल्याने फसवणूक सूचित होते, आणि नित्याचा ग्राहक सरळ अर्थाने फसलेला नसतो. आपण पैसे देतो म्हणून ती बसून बोलते, हे त्याला पुरते ठाऊक असते. तरीही तिच्या हसण्यात, एखाद्या वाक्यात, गेल्या वेळी सांगितलेली गोष्ट तिच्या लक्षात राहिली यात काही खरे आहे का, याचा शोध तो घेत राहतो. या प्रश्नाचे अंतिम उत्तर कधीच मिळत नाही. ते मिळाले असते तर, होकारार्थी असो वा नकारार्थी, येणेजाणे थांबले असते. संशय आणि आशा यांचा हा समतोल टिकून राहतो, म्हणूनच ग्राहक नित्याचा होतो.

या समतोलात पैशाचे स्थान मध्यवर्ती आहे. व्हिव्हियाना झेलायझर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सोशल मीनिंग ऑफ मनी' या ग्रंथात दाखवून दिले आहे की, समाज सर्व पैसा एकसारखा मानीत नाही. मोबदला, हक्काची रक्कम आणि भेट ही देण्याची तीन निरनिराळी रूपे असून प्रत्येक रूप निराळे नाते सूचित करते. अमेरिकी क्लबांत खाजगी नृत्याचा दर बहुधा गाण्यागणिक ठरलेला असतो. म्हणजे तेथे मोबदल्याचे रूप प्रबळ आहे. नित्याचा ग्राहक त्या दरापलीकडे जे देतो, म्हणजे जादा रक्कम, वाढदिवसाची भेटवस्तू किंवा नाचाविना केवळ गप्पांसाठी दिलेले पैसे, त्यातून तो आपले देणे मोबदल्याच्या कोटीतून भेटीच्या कोटीत नेऊ पाहतो. आपण इतरांसारखे गिऱ्हाईक नाही, हे त्याला स्वतःलाच पटवून द्यावयाचे असते.

मुंबईच्या डान्सबारांत हीच प्रवृत्ती फार ठळक रूपाने दिसून आली. तेथील नर्तकी अमेरिकी क्लबांतल्याप्रमाणे विवस्त्र होत नसे. घागरा-चोळी किंवा साडी नेसून, हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांवर ती नाचत असे. नृत्याला ठरलेला दर नव्हता. ग्राहक मोठी नोट मोडून सुट्या नोटांची चळत मागवी आणि त्या नोटा नर्तकीच्या डोक्यावरून उडवी, तिच्या हाती देई किंवा नोटांचा हार तिला घाली. गोळा झालेली रक्कम नर्तकी आणि मालक यांच्यात वाटली जाई. वाटणीचे प्रमाण बारागणिक वेगळे असे. दरच नसल्यामुळे प्रत्येक देणे हे भेटीसारखे भासे, आणि ते सर्वांसमक्ष होत असल्यामुळे टेबलाटेबलांत चढाओढ लागे. देणाऱ्याची नजर नर्तकीइतकीच पलीकडच्या टेबलावरही असे. सुकेतू मेहता यांच्या 'मॅक्सिमम सिटी' (२००४) या ग्रंथात या दुनियेचे जे विस्तृत चित्रण आहे, त्यात ग्राहकाची ही द्विमुख भूमिका चांगली उतरली आहे.

मराठी अभ्यासकाला या दृश्यात एक परिचित आकृती दिसल्यावाचून राहत नाही. संगीत बारीतील दौलतजादा हीच ती होय. पुण्याचे आर्यभूषण थिएटर किंवा दौंडजवळील चौफुला येथील संगीत बाऱ्यांत रसिक फर्माईश करतो, दौलतजादा करतो आणि गाणारणीने त्याची दखल घ्यावी अशी अपेक्षा बाळगतो. तेथेही ओळखीच्या शौकिनाला वेगळा मान असतो. भूषण कोरगावकर यांच्या 'संगीत बारी' (२०१४) या पुस्तकाने ही दुनिया मराठी वाचकांसमोर आणली. तथापि दोहोंतील भेदही ध्यानी घेतला पाहिजे. बारीत गाणे जिवंत असते, वादकांचा मेळ असतो, आणि लावणीची जाण हे रसिकाच्या प्रतिष्ठेचे एक प्रमाण असते. दाद देता येणे हीही तेथे एक कमाई आहे. डान्सबारात ध्वनिमुद्रिकेने ही कसोटी काढून टाकली. मग प्रतिष्ठा मोजण्याचे एकच माप उरले, ते म्हणजे नोटांची चळत. ज्याला रागदारी कळत नाही अशा नवश्रीमंताला ही गोष्ट सोयीची होती. परंतु तिच्यामुळे खर्चाला स्वाभाविक मर्यादा उरली नाही.

आता कायद्याकडे वळले असता दिसते की, वरवर पाहता नर्तकीविषयी असलेला वाद वस्तुतः ग्राहकाच्या वर्गाविषयी होता. ऑगस्ट २००५ मध्ये मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ यात कलम ३३-अ आणि ३३-ब यांची भर घालण्यात आली. पहिल्या कलमाने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांतील नृत्यास बंदी केली; दुसऱ्याने तारांकित हॉटेले, जिमखाने व क्लब यांना त्या बंदीतून वगळले. तेच नृत्य, तीच गाणी. भेद होता तो पाहणाऱ्यांत. मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. श्रीमंतांनी पाहिले तर करमणूक आणि सामान्यांनी पाहिले तर अधःपात, हे गृहीतक त्या न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नाकारले. बंदीमुळे हजारो स्त्रिया बेकार झाल्या आणि त्यांतील अनेकींना देहविक्रयाकडे वळावे लागले, याचीही नोंद न्यायालयाने घेतली.

या निर्णयातील युक्तिवाद समतेचा आहे आणि तो निर्विवाद आहे. परंतु विधिमंडळाने त्यातून वेगळाच निष्कर्ष काढला. जून २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांची सूट काढून बंदी सर्वांना लागू करण्यात आली; म्हणजे भेदभावाचा दोष गेला, मूळ प्रश्न तसाच राहिला. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीला स्थगिती दिली, आणि २०१६ साली अश्लील नृत्यास प्रतिबंध करणारा व तेथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे रक्षण करू पाहणारा स्वतंत्र कायदा झाला. या कायद्यात मात्र ग्राहकाच्या हाताकडे प्रथमच बारकाईने पाहिले गेले. नोटा उडविण्यास त्याने मनाई केली. बक्षिसी द्यावयाची तर ती बिलातच मिळवावी, असे ठरविले. १७ जानेवारी २०१९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने नोटा उधळण्यावरील बंदी मान्य केली, परंतु बक्षिसी बिलातूनच द्यावी ही अट रद्द केली. ती ग्राहकाने नर्तकीच्या हाती देण्यास हरकत नाही, असे म्हटले. सीसीटीव्हीची सक्ती आणि मद्य देण्यावरील मनाई यांसारख्या अटीही त्या निर्णयाने दूर झाल्या.

उधळणे आणि हाती देणे यांतील हा भेद समाजशास्त्रीय दृष्टीने अर्थपूर्ण आहे. उधळण ही इतर टेबलांना उद्देशून असते. तिच्यात नर्तकी हे निमित्त ठरते आणि पायाखाली पडलेली नोट उचलण्यात तिची मानहानी असते. हाती दिलेली रक्कम तिला उद्देशून असते. न्यायालयाने हा भेद स्त्रीच्या प्रतिष्ठेच्या अंगाने केला. परंतु त्यामुळे ग्राहकाच्या दोन नात्यांपैकी चढाओढीचे नाते निषिद्ध आणि ओळखीचे नाते ग्राह्य, असा विवेकही नकळत प्रस्थापित झाला.

ओळखीचे नाते हेच या व्यवसायाचे मूळ होते, याचा पुरावा खुद्द बंदीच्या काळाने दिला. २००५ नंतर अनेक बारांनी ऑर्केस्ट्राचे परवाने घेतले. नृत्य गेले, रंगमंचावर गायिका उभ्या राहिल्या. तरी नेहमीची गिऱ्हाइके त्या ठिकाणी येत राहिली आणि पैसे देत राहिली. देहाची हालचाल हीच खरी विक्रीची वस्तू असती, तर ती काढून घेताच बाजार उठला असता.

तथापि ग्राहकाच्या दृष्टिकोनाचा अभ्यास म्हणजे त्याचे समर्थन नव्हे. त्याचे कथन दोन ठिकाणी अपुरे पडते. पहिले ठिकाण नर्तकीच्या श्रमाचे. ग्राहक ज्याला विश्रांती म्हणतो ते तिचे काम असते. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. नोकरीची गरज म्हणून चेहऱ्यावर आणि मनात विशिष्ट भाव राखण्याचे श्रम, असा तिचा आशय आहे. दहा ग्राहकांची नावे, धंदे, मुलांच्या परीक्षा लक्षात ठेवणे, प्रत्येकाला आपणच विशेष आहोत असे वाटू देणे आणि कोणाच्याही आशेला पूर्ण होकार वा पूर्ण नकार न देणे, ही कष्टाची कारागिरी आहे. शिवाय हे श्रम कोणाच्या वाट्याला येतात हेही योगायोगाने ठरत नाही. नृत्य हा ज्यांचा परंपरागत व्यवसाय होता अशा जातींतील अनेक स्त्रिया या व्यवसायात होत्या. समीना दलवाई यांनी 'बॅन्स अँड बार गर्ल्स' (२०१९) या ग्रंथात बंदीचा प्रश्न जातीच्या अंगाने तपासला आहे, तो या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

दुसरे अपुरे ठिकाण म्हणजे ग्राहकाचे घर. मुलाखतीत तो एकाकीपणाविषयी बोलतो, परंतु उडविलेली रक्कम घरखर्चातील कोणत्या रकान्यातून आली हे सहसा सांगत नाही. बंदीच्या समर्थकांनी उद्ध्वस्त संसारांचा जो मुद्दा मांडला तो यामुळेच सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. चूक झाली ती उपायात. खर्च करणाऱ्याच्या सवयीवर इलाज करण्याऐवजी मिळविणाऱ्या स्त्रीची मिळकत बंद करण्यात आली. म्हणजे ज्या व्यवहाराला दोन पक्ष होते त्याची शिक्षा एकाच पक्षाला झाली, आणि तोही दोहोंतील दुर्बळ पक्ष.

पुढील संशोधनाने म्हणूनच खुर्ची, रंगमंच आणि घर या तिन्ही ठिकाणांहून एकाच व्यवहाराची नोंद केली पाहिजे. ग्राहकाला कोणती ओळख हवी असते, ती पुरविण्यासाठी नर्तकीला कोणते श्रम पडतात आणि तिची किंमत घरातील कोण चुकविते, हे तीन प्रश्न सुटे सुटे विचारल्यास प्रत्येकाचे उत्तर अर्धवटच राहील. कचेरी आणि घर यांच्या दरम्यान आपले नाव घेऊन कोणीतरी बोलावे, एवढ्यासाठी माणसे दर रात्री पैसे मोजू लागतात, तेव्हा उणीव केवळ त्या बारात शोधून भागत नाही. ती त्या कचेरीत आणि त्या घरातही शोधावी लागते.