फिलूमावशीचे नाव

मालवणला आमच्या शेजारी फिलूमावशी राहतात. पूर्ण नाव फिलोमिना. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्यांचे ताट येते, चतुर्थीला आमच्याकडून मोदक जातात. एकदा घरात नातीच्या बारशाची गोष्ट निघाली. आजीचे नाव ठेवावे, असे मुलाच्या मनात होते. सून म्हणाली, "त्या संतिणीचे नाव चर्चने काढून टाकलेय म्हणे." मावशी दुखावल्या. मला म्हणाल्या, "माज्या नावाचो अर्थ तरी काय रे, झिला?"

नाव ग्रीक आहे. 'फिलेइन' म्हणजे प्रेम करणे. फिलॉसॉफी, म्हणजे ज्ञानाचे प्रेम, या शब्दातला 'फिलो' तोच. 'फिलूमेने' म्हणजे जिच्यावर प्रेम केले जाते ती. गंमत अशी, की त्यातला 'मेने' हा प्रत्यय आपल्या संस्कृतातल्या 'क्रियमाण', 'वर्तमान' यांतल्या 'मान'चा सख्खा भाऊबंद. 'प्रकाशाची कन्या' असाही अर्थ भाविक सांगतात. पण तो लॅटिन शब्दांची ओढाताण करून काढलेला आहे.

नाव जुने, पण त्याचा प्रसार अलीकडचा. २५ मे १८०२ रोजी रोममध्ये प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत एक कबर सापडली. आत कोवळ्या मुलीची हाडे होती. कबरीच्या तोंडाशी भाजलेल्या मातीच्या तीन फरश्या होत्या. त्यांवर ओळीने 'लुमेना', 'पाक्स ते', 'कुम फि' अशी अक्षरे. अर्थ लागेना. मग पहिली फरशी उचलून शेवटी ठेवली, तेव्हा वाचता आले: 'पाक्स तेकुम फिलुमेना', फिलुमेना, तुला शांती लाभो!

१८०५ मध्ये त्या अस्थी नेपल्सजवळच्या मुन्यानो गावी नेल्या. नवस फळल्याच्या गोष्टी पसरल्या, आणि पुढे १८३७ मध्ये पोपनी तिच्या सणाला मान्यता दिली. मुलींना हे नाव देण्याची लाट आली ती या काळात. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरची पेद्रू, बस्त्यांव ही नावे पोर्तुगीजांबरोबर आली, तशी ही फिलोमिना नव्हे. ती बरीच मागाहून आली.

पुढे अभ्यासकांना शंका आली. फरश्या उलटसुलट का? कदाचित त्या दुसऱ्याच, जुन्या कबरीवरच्या असतील आणि पुन्हा वापरल्या असतील. मग त्या मुलीचे नाव फिलुमेना होते कशावरून? १९६१ मध्ये रोमने तिचा सण पंचांगातून वगळला. सूनबाईंनी ऐकले होते ते एवढेच. पण ना तिच्या भक्तीवर बंदी आली, ना नाव ठेवण्यावर. शिवाय नाव त्या कबरीच्या कितीतरी आधीपासूनचे. हाडे कुणाचीही असोत, फरशीवर लिहिलेली फिलुमेना कुणाची तरी लाडकी होतीच.

मावशींना हे सारे सांगितले. त्या फरश्यांपाशीच अडकल्या होत्या. म्हणाल्या, "पावसाआदी आमीय नळे परततव मां. खयचो नळो खय जाता, कोण बघता?" आणि सुनेला हाक मारायला आत गेल्या.