उचल घेण्याआधी पैसा गावात यायला हवा : ऊसतोड कुटुंबांच्या कामासाठी संस्थेला अनुदान कसे मिळते?

बीड : दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपे लागतात. कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि पाडव्याच्या आसपास परत येतो. पाच-सहा महिने नवरा-बायको दोघे पहाटेपासून फडात राबतात. तरी पुढच्या हंगामाला पुन्हा मुकादमाकडून उचल घ्यावीच लागते. काम आहे, पण गरिबी जात नाही, ती अशी.

हे थांबावे म्हणून गावोगावी तरुण मंडळे, महिलांच्या संस्था धडपडतात. मात्र कंपन्यांचा सीएसआर निधी किंवा मोठ्या ट्रस्टचे अनुदान त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. कारण बहुतेक वेळा कागदात असते, नाहीतर चुकलेल्या वेळेत.

आधी हिशोब मांडा

समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. टनाला ३६६ रुपये तोडणी दर धरला तर ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडला तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने झाले. दोघांची दिवसाची कमाई ७३२ रुपये, एकाच्या वाट्याला ३६६. त्यात मधे घेतलेली खर्ची, आजारपण, पावसाने बुडालेले दिवस धरले की हंगाम संपतो, पण उचल फिटत नाही.

अनुदान देणाऱ्याला हाच हिशोब दाखवायचा असतो. "आमच्या गावात खूप गरिबी आहे, मदत करावी" असे लिहिलेले शेकडो अर्ज त्यांच्याकडे पडून असतात. त्याऐवजी गावात किती कोयते आहेत, किती जणांनी कशासाठी उचल घेतली (लग्न, दवाखाना, बोअर की घर), किती लेकरे आईबापाबरोबर जातात आणि त्यातली किती शाळेतून गळाली, हे आकड्यात लिहावे. असे एका गावाचे दोन पाने लिखाण दहा पानांच्या भाषणापेक्षा वजनदार ठरते.

ही मोजणी मे महिन्यात करावी. तेव्हा माणसे गावात असतात. ग्रामसेवकाकडची ऊसतोड कामगारांची नोंद सोबत ताडून पाहावी.

पैसा कोण देतो?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करावी लागते. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला हा नियम लागू होतो. गरिबी, कुपोषण, शिक्षण, ग्रामविकास हे विषय कायद्याच्या यादीत आहेत. कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात किती खर्च केला, हे केंद्राच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर मोबाईलवरही पाहता येते. आपल्या जिल्ह्यात आधीच काम करणारी कंपनी शोधून तिच्याकडे आधी जावे.

टाटा ट्रस्ट्स, अझीम प्रेमजी फाउंडेशन यांसारख्या देणगीदार संस्थाही अनुदान देतात. पाणलोटाच्या कामांसाठी नाबार्डच्या योजना आहेत. गावातच चार पैसे मिळाले तर कोयता उचलावा लागत नाही, म्हणून पाणलोटाचे कामही याच विषयाचे आहे.

परदेशातून पैसा घ्यायचा असेल तर एफसीआरए नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसताना परदेशी पैसा खात्यात घेणे गुन्हा आहे. नव्या संस्थेने या वाटेला लगेच जाऊ नये.

कागद कुठे अडतात?

पहिला अडसर धर्मादाय कार्यालयात असतो. संस्था दहा वर्षांपूर्वी नोंदवलेली असते. त्यातले दोघे वारलेले, एक पुण्याला गेलेला, अन् उताऱ्यावर नावे मात्र जुनीच. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो, तो कुणी केलेला नसतो. उताऱ्यावर नाव नाही त्याची सही कंपनी मानत नाही. तेव्हा सगळ्यात आधी आपल्या संस्थेचा ताजा उतारा काढून पाहावा.

दुसरा अडसर आयकराचा. १२-ए आणि ८०-जी या नोंदी नसतील तर कंपनीच्या दारात उभे राहता येत नाही. नव्या संस्थेला सुरुवातीला तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळते. तिची मुदत संपण्याआधी नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. ही तारीख विसरली की सगळेच अडते.

तिसरा कागद सीएसआर-१. कंपनीकडून काम घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यावर सीए किंवा तत्सम व्यावसायिकाची डिजिटल सही लागते. याशिवाय नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद, संस्थेचे पॅन, बँक खाते आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट एका फाईलमध्ये तयार ठेवावे.

सीएसआरसाठी साधारण तीन वर्षांच्या कामाचा अनुभव पाहिला जातो. संस्था तेवढी जुनी नसेल तर अनुभव असलेल्या संस्थेबरोबर जोडून काम घ्यावे आणि दोघांत कोण काय करणार ते लेखी ठेवावे.

प्रस्तावात काय मागायचे?

ब्लँकेट, वह्या, शिधा वाटला की फोटो निघतो, पण पुढच्या वर्षी उचल तेवढीच राहते. मागणी अशी हवी की उचलीची गरजच कमी होईल. लेकरांना गावात ठेवणारे हंगामी वसतिगृह नीट चालावे म्हणून एक माणूस, बचत गटातल्या बायांसाठी शेळीपालन किंवा परसातल्या कोंबड्या, दवाखान्याच्या खर्चासाठी गटाचा निधी, कामगारांची ओळखपत्रे आणि सरकारी योजनांचे अर्ज भरून देणारी कार्यकर्ती. गटाच्या निधीतून कर्ज द्यायचे असेल तर ते चालते का, हे देणाऱ्याला आधीच विचारून घ्यावे.

प्रस्तावात पाच गोष्टी लिहाव्यात : अडचण काय आणि किती जणांची, आपण नेमके काय करणार, महिन्यावार खर्च, बदल झाला हे कसे मोजणार, आणि पैसा थांबल्यावर काम कसे चालणार. "६० कोयत्यांपैकी २० कोयत्यांची उचल दोन वर्षांत निम्म्यावर आणू" असे वाक्य मोजता येते. "जीवनमान उंचावू" हे मोजता येत नाही. ग्रामसभेचा ठराव जोडावा. कार्यकर्तीचा पगार आणि ऑडिटचा खर्च लपवू नये, तो बजेटमध्ये उघड लिहावा.

वेळ चुकली तर वर्ष गेले

मुकादम साधारण जून ते ऑगस्टमध्ये उचल वाटतो. पैसा त्यानंतर आला तर माणसे आधीच बांधली गेलेली असतात. कंपन्यांचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि वर्षाच्या खर्चाचा आराखडा आधी ठरतो. म्हणून मेमध्ये मोजणी, पावसाळ्यात कागद, दिवाळीनंतर भेटीगाठी आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत प्रस्ताव, असा क्रम ठेवावा. एक वर्ष आधी सुरुवात केली तरच पुढच्या उचलीच्या आत पहिला हप्ता हाती येण्याची आशा असते.

पैसा आला की कामाचा हिशोब वेगळा ठेवावा, प्रत्येक खर्चाचे व्हाउचर जपावे. पुढचा हप्ता खर्चाच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर मिळतो.

एजंटापासून सावध

"कोटीचा सीएसआर मंजूर करून देतो, आधी १० टक्के टाका" असे सांगणारे फिरतात. खरी कंपनी अनुदानासाठी आगाऊ पैसे मागत नाही. "खात्यात घ्या आणि निम्मे रोख परत द्या" म्हणणाऱ्याला तर दारात उभे करू नये. त्या कागदावर सही संस्थेची असते, आणि चौकशी झाली की एजंट नाही, गावातलेच सात जण अडकतात.

या मे महिन्यात गावात वही-पेन घेऊन दारोदारी फिरायला कुणाची परवानगी लागत नाही, पैसाही लागत नाही. अनुदानाची पहिली पायरी तीच.