जाम बोल्टाची विद्या

फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनचं, म्हणजे टाइप २ चं इंजिन गिअरबॉक्सला फक्त चार ठिकाणी जोडलेलं असतं. चारही ठिकाणी १७ चा पाना लागतो. वायरी, पेट्रोलची नळी, क्लच आणि थ्रॉटलच्या तारा सोडवल्या की इंजिन जॅकवर मागे सरकवून खाली घेता येतं. सरावलेल्या माणसाचं ते सकाळचं काम. मात्र त्यानंतर सायलेन्सर आणि हीट एक्स्चेंजर हेडला धरून ठेवणारे आठ नट समोर येतात, आणि तिथे घड्याळाचा उपयोग संपतो.

या व्हॅनची कल्पना डच व्यापारी बेन पॉन यांनी १९४७ मध्ये वहीतल्या एका रेखाटनात मांडली. १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गला उत्पादन सुरू झालं, १९५६ मध्ये ते हानोफरच्या नव्या कारखान्यात गेलं. जर्मनीत नवी पिढी आल्यावरही ब्राझीलमध्ये हिचं उत्पादन चालू राहिलं. तिथे हवेवर थंड होणारं इंजिन २००५ पर्यंत बसत होतं. म्हणजे अशा इंजिनाची सगळ्यात तरुण व्हॅनसुद्धा आज वीस वर्षांची आहे, आणि जर्मनीतल्या बहुतेक व्हॅनांनी पन्नाशी ओलांडली आहे. इतकी वर्षं ते आठ नट पावसात, चिखलात आणि थंड देशांत रस्त्यावर टाकलेल्या मिठात, धुराच्या उष्णतेत भाजत राहिले आहेत.

गंज हा अर्धाच भाग आहे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्यामुळे त्याचं वजन कमी ठेवणं भाग होतं. म्हणून क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आणि हेड अॅल्युमिनियमची. त्यांत बसवलेले स्टड मात्र पोलादाचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून बसले आणि मध्ये खारट ओल शिरली की तिथे विजेचा एक बारीकसा सेल तयार होतो. त्यात झीज होते ती हलक्या धातूची. अॅल्युमिनियमचा पांढरा ऑक्साइड आट्यांच्या फटीत भरतो. बाहेर नट आणि स्टड यांच्यात तांबडा गंज साठतो, आणि तो ज्या लोखंडापासून बनला त्याच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. जागा तर वाढत नाही. त्यामुळे नट आतून आवळला जातो.

हे काम शिकणाऱ्याने सगळ्यात आधी मनाशी पक्की करावी अशी गोष्ट म्हणजे बोल्ट वाचवायचा नसतो, त्याच्याभोवतीचा धातू वाचवायचा असतो. नट काही रुपयांचा, स्टडही फार महाग नाही. हेड मात्र एकदा फाटलं की गेलं. त्यामुळे पुढचा प्रत्येक उपाय एकाच प्रश्नावर तोलायचा: हा फसला, तर त्यानंतर काय करता येईल? ज्याच्या फसण्याने पुढचे मार्ग बंद होतात, तो शेवटी. नटाचे कोपरे गोल झाले असतील तर तो छिन्नीने चिरावा किंवा करवतीने कापावा, त्यात काही कमीपणा नाही. नटाचा बळी देऊन स्टड वाचतो, आणि स्टडचा बळी देऊन हेड.

सुरुवात तारेच्या ब्रशने. उघड्या आट्यांवरचा गंज साफ केल्याशिवाय पाना लावणं म्हणजे नटाला त्याच गंजातून ओढत न्यायचं. मग पातळ भेदक तेल, आणि वाट पाहणं. तेल फटीत स्वतःच ओढलं जातं, पण वेळ घेतं. रात्रभर ठेवावं, सकाळी पुन्हा घालावं. मध्ये हातोडीचे हलके ठोके द्यावेत, स्टडच्या टोकावर सरळ. धक्क्याने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. पाना सहा कोनी घ्यावा, बारा कोनी नाही, कारण सहा कोनी पाना नटाच्या सपाट बाजू धरतो, कोपरे नाही. आणि पहिला जोर सोडवण्याच्या नव्हे तर आवळण्याच्या दिशेने, अगदी किंचित. पकड सुटली की पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल, पुन्हा मागे.

इथून पुढचं हाताला कळतं. सुटणारा नट ‘कट्’ असा कोरडा आवाज करतो आणि एकदम सैल होतो. तुटू पाहणारा स्टड आवाज करत नाही. पाना फिरत असतो, पण प्रतिकार मऊ, रबरासारखा लागतो. हात सैल केला तर पाना थोडा मागे येतो. स्टड पिळला जात असतो. त्या क्षणी थांबणारा माणूस कारागीर. माझ्या लेखी या विद्येतलं हेच सगळ्यात मोठं कौशल्य आहे, आणि लांब पाइप लावून ताकद वाढवणाऱ्यांना ते कधीच येत नाही, कारण पाइपाच्या टोकाला असं काही जाणवतच नाही.

तेलाने भागलं नाही तर उष्णता. पण ती कुठे द्यायची हे ठरवावं लागतं. नट सोडवायचा असेल तर ज्योत नटावर. तो तापून फुगतो, स्टड अजून थंड असतो. लालसर तापलेला नट जरा निवल्यावर आट्यांवर मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आत शोषलं जातं. स्टडच हेडमधून काढायचा असेल तर उलट: हेड तापवायचं, कारण तेवढ्याच उष्णतेने अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पाण्याचा थेंब चर्र होऊन उडाला की बहुतेक वेळा पुरे. अॅल्युमिनियम लाल होत नाही, न सांगता एकदम खाली बसतं. आणि क्रँककेसजवळ ज्योत न्यायचीच नाही. मॅग्नेशियमचा कीस पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. कोरडी वाळू जवळ ठेवावी आणि ड्रिलचा कीस साचू देऊ नये.

एवढं करूनही स्टड तुटतो. हेडच्या पातळीत, कधी थोडा आतच. अशा वेळी मला सगळ्यात जास्त विश्वास वाटतो तो वेल्डिंगवर. तुटलेल्या बुंध्यावर एक नट ठेवायचा आणि मिग वेल्डिंगने नटाच्या आतून भरून दोन्ही एक करायचे. पोलादाचं वेल्ड अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटण्याची भीती नाही. नवा षटकोन मिळतो, हा फायदा दिसणारा. न दिसणारा फायदा मोठा आहे: स्टड आतपर्यंत लालबुंद होतो, फुगायला बघतो, भोवतीचं थंड हेड त्याला फुगू देत नाही, आणि तो जागीच दाबला जातो. निवल्यावर तो पहिल्यापेक्षा किंचित बारीक झालेला असतो. गंजाची पकड तिथेच तुटते. पहिला नट तुटून आला तर दुसरा लावावा, तिसरा लावावा. दर वेळेला उष्णता आपलं काम करतच असते.

दुकानात याच कामासाठी ईझी-आउट नावाचं हत्यार मिळतं: डाव्या पिळाचं, निमुळतं, कडक पोलादाचं. स्टडला भोक पाडायचं आणि हे आत रुतवून उलटं फिरवायचं. जो स्टड जाड असताना पान्याने हलला नाही, तो पोकळ झाल्यावर बारीकशा काडीने कसा हलेल? उलट निमुळती काडी त्याला आतून फुगवते आणि आणखी घट्ट करते. मग ती मोडते, आणि ती ड्रिलपेक्षा कडक असते. तिथून पुढे ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्राशिवाय इलाज उरत नाही. ही पद्धत बोरिस आणि नताल्या लाझारेंको या सोव्हिएत दांपत्याने १९४३ मध्ये शोधली. ते यंत्र हेड वाचवतं, पण त्याच्याकडे जायची वेळ येऊ देऊ नये.

पुण्यात आकुर्डीला बनलेल्या मॅटाडोरवर हात बसलेल्या मिस्त्रीला यातलं बरंच उलटं वाटेल. तिच्या मर्सिडीज डिझेल इंजिनाचा ब्लॉकही बीडाचा आणि हेडही बीडाचं. बीड आणि पोलाद जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, त्यामुळे नुसतं हेड तापवून फारसं साधत नाही; ज्योत मात्र बिनधास्त लावता येते, फक्त एकदम थंड करायचं नाही, नाहीतर बीड तडकतं.

ड्रिल करण्याला पर्याय नसेल तर स्टडचा बुंधा आधी कानशीने सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंच मारावा. ड्रिलला कडक पोलादापेक्षा शेजारचं मऊ अॅल्युमिनियम आवडतं. पंच जरा चुकला की ते तिकडेच सरकतं. ८ च्या स्टडसाठी ६.८ मिलिमीटरपर्यंत जायचं, थोडं थोडं वाढवत. मग आट्यांत उरलेली पोलादाची बारीक कडी टोकदार सळीने उचलायची. जुने आटे गेलेच असतील तर भोक मोठं करून नवा टॅप मारायचा आणि पोलादी तारेचं वेटोळं, हेलिकॉइल, बसवायचं. मूळ मऊ धातूतल्या आट्यांपेक्षा हे टिकाऊ असतं. खुद्द फोक्सवॅगनलाही याच वाटेने जावं लागलं. क्रँककेसमधून हेडपर्यंत जाणारे लांब स्टड १० मिलिमीटरचे होते. तापलेलं इंजिन फुगलं की ते ताठ राहून मॅग्नेशियममधले आटे उपटत. सत्तरच्या दशकात कंपनीने ८ मिलिमीटरचे बारीक स्टड दिले आणि त्यांच्या तळाशी पोलादी बुशा. बारीक स्टड लवचीक असतो, ताणला जातो आणि परत येतो.

याच क्रँककेसच्या खाली तेलाच्या जाळीचं झाकण आहे, ६ मिलिमीटरच्या सहा स्टडवर. त्यांना सुमारे ७ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो, म्हणजे मनगटाचा. तेल गळतं म्हणून लोक ते आवळत जातात आणि आटे उपटतात. गळती जुन्या गॅस्केटची किंवा वाकलेल्या झाकणाची असते.

नवा स्टड बसवताना त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून त्यांनीच फिरवावा, पक्कड लावू नये. हेडमध्ये जाणाऱ्या टोकाला जाम न होऊ देणारी पेस्ट, बाहेर तांब्याचा मुलामा असलेले नट. पेस्ट लावलेले आटे सहज फिरतात, म्हणून टॉर्क पान्यावर नेहमीच्या २० न्यूटन-मीटरपेक्षा थोडा कमी आकडा लावायचा. इंजिन एकदा तापवून पूर्ण थंड होऊ द्यावं, आणि आठही नट पुन्हा एकदा तपासावेत.